घर बदललं तरी शाळा तीच: कॅलिफोर्नियातल्या नव्या फॉस्टर पालकांसाठी

फॉस्टर पालक, म्हणजे कोर्टाने घरातून काढलेल्या मुलांना तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणारे, झालं की काउंटीच्या बालकल्याण खात्याचा फोन बहुधा संध्याकाळी येतो. खोली रिकामी आहे का, कितव्या वर्षापर्यंतचं मूल चालेल, आज रात्रीच आणलं तर जमेल का. आपण हो म्हणतो आणि उशीचे अभ्रे शोधायला लागतो. अभ्रे सापडतील नंतर. फोन ठेवण्याआधी शाळेचं विचारून घ्या. कुठल्या शाळेत जातं, कितवीत आहे, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, आत्तापर्यंत कोण नेत-आणत होतं, आयईपी (विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलाची लेखी योजना) आहे का, आणि शिक्षणाचे निर्णय घ्यायचा हक्क सध्या कोणाकडे आहे. पलीकडच्या माणसाला यातलं निम्मं ठाऊक नसेल. हरकत नाही. तुम्ही विचारलंत की कुणीतरी ते शोधायला लागतं, आणि "उद्या याला शाळेत कोण सोडणार" हा विषय सकाळी साडेसहाला दारात उभं राहून निघत नाही.

मी फ्रीमॉन्टमध्ये राहते. आमच्याकडे येणारी मुलं बरेचदा ऑकलंडची किंवा हेवर्डची असतात. काउंटी एकच, अलमीडा. नकाशावर अंतर फार वाटत नाही, पण सकाळच्या वेळी ८८० हायवेवरून गेलेल्या माणसाला ते काय असतं ते सांगायला नको. म्हणून शाळा जुनीच ठेवायची की बदलायची हा प्रश्न आमच्या घरात दर वेळी पहिल्या दिवशीच समोर येतो. फॉस्टर पालक म्हणून मंजुरी मिळालेली मराठी मंडळी मला हेच सगळ्यात जास्त विचारतात, तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते.

आधी कायदा, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. कॅलिफोर्नियात एबी ४९० हा कायदा २००४ च्या जानेवारीपासून लागू आहे: फॉस्टर केअरमधल्या मुलाला आपल्या मूळ शाळेत, म्हणजे 'स्कूल ऑफ ओरिजिन'मध्ये, राहण्याचा हक्क आहे. देशपातळीवर २००८ च्या फॉस्टरिंग कनेक्शन्स कायद्याने बालकल्याण खात्यावर ही जबाबदारी टाकली, आणि २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स कायद्याने शाळा डिस्ट्रिक्टलाही (त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था) त्यात ओढलं. डिस्ट्रिक्टची कलमं १० डिसेंबर २०१६ पासून लागू झाली. तेव्हापासून डिस्ट्रिक्टकडे अशा मुलांच्या वाहतुकीची लेखी पद्धत ठरलेली असावी लागते: गाडी कोण देणार, कशी देणार, पैसे कुठून येणार.

मूळ शाळा म्हणजे नेमकी कुठली? घर सुटलं तेव्हाची, किंवा शेवटची ज्यात नाव होतं ती. कॅलिफोर्नियात आणखी एक सोय आहे: गेल्या १५ महिन्यांत मूल ज्या शाळेत होतं आणि जिच्याशी त्याचं काही नातं आहे, अशी शाळाही मूळ शाळा ठरू शकते. दोन-तीन घरं फिरून आलेल्या मुलाच्या बाबतीत हे फार कामाला येतं. सध्याच्या शाळेत तीन आठवडे झालेत आणि कुणाचं नावही माहीत नाही, पण त्याआधीच्या शाळेत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, मास्तर अजून आठवण काढतात, तर त्या आधीच्या शाळेचा आग्रह धरता येतो. आणि मूल पाचवी संपवून मिडल स्कूलला जाणार असेल तर त्याच्या वर्गातली बाकीची मुलं जिथे जातात तिथे जायचाही त्याला हक्क आहे. तुमच्या पत्त्यावरून जी शाळा निघते तिथेच गेलं पाहिजे असं नाही.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपण घर घेताना स्वयंपाकघराआधी शाळेचं रेटिंग बघतो. आमच्या फ्रीमॉन्टच्या मिशन सॅन होजे भागात घराच्या किमतीत निम्मी किंमत शाळेचीच असते, असं आम्ही गमतीने म्हणतो. त्यामुळे रेटिंगमध्ये दहापैकी चार गुणांच्या शाळेतलं मूल नऊ गुणांच्या भागात राहायला आलं की आपल्याला वाटतं, याचं नशीब उघडलं, लगेच इथेच नाव घालू. हेतू चांगला असतो. पण त्या मुलाचं घर गेलंय, भावंडं बहुधा दुसरीकडे आहेत, खोली परकी आहे, फोडणीचा वाससुद्धा परका आहे. शाळा ही त्याची एकच जागा उरलीय जिथे डबा कुठे ठेवायचा हे त्याला न विचारता माहीत आहे. रेटिंग त्यापुढे काहीच नाही. आमच्याकडे आलेली एक मिडल स्कूलमधली मुलगी पहिल्या रात्री जेवली नाही, बोलली नाही, आणि झोपताना एवढंच म्हणाली, उद्या माझं सायन्सचं प्रेझेंटेशन आहे. पोस्टर आधीच्या घरी राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पोस्टरशिवाय उभी राहिली आणि तिच्या मैत्रिणीने फळ्यावर चित्रं काढली. नव्या शाळेत ती मैत्रीण कुठून आणली असती?

निर्णय तुमचा नसतो, हेही लक्षात ठेवा. सोशल वर्कर एकटा ठरवत नाही आणि शाळेच्या ऑफिसातल्या बाई तर नाहीच नाही. शिक्षणाचे हक्क कोर्टाने काढून घेतले नसतील तर ते जन्मदात्या पालकांकडेच असतात. काढले असतील तर कोर्ट दुसऱ्या कुणाला नेमतं, त्या हुकमाचा फॉर्म जेव्ही-५३५. कधी कधी ते नाव फॉस्टर पालकाचंच असतं, तेव्हा त्या कागदाची एक प्रत गाडीत आणि एक फोनमध्ये ठेवा. शाळा बदलावी असं डिस्ट्रिक्टच्या फॉस्टर लायझनला (फॉस्टर मुलांचं काम बघणाऱ्या माणसाला) वाटलं तरी मुलाची आणि हक्कधारकाची संमती लागते, आणि कारणं लेखी द्यावी लागतात. 'आमच्याकडून तिकडे गाडी पाठवणं महाग पडतं' हे कारण धरायचं नसतं. मुलाच्या हिताचा विचार करताना वाहतुकीचा खर्च बाजूला ठेवायचा, असं केंद्राच्या मार्गदर्शनातच म्हटलंय.

मग फॉस्टर पालकाचं काम काय? माहिती देणं. प्रवासाला सकाळी खरोखर किती वेळ लागतो, मूल गाडीत झोपतं की रडतं, संध्याकाळी अभ्यासाला किती त्राण उरतं, मूल स्वतः काय म्हणतं. हे सगळं फक्त तुम्हालाच दिसतं. कधी कधी शाळा बदलणंच योग्य असतं: अगदी लहान मूल आणि एका बाजूला दीड तास, किंवा शाळेतच धोका आहे, किंवा मूल स्वतः म्हणतंय की तिथे सगळ्यांना माझ्या घरचं कळलंय, मला जायचं नाही. अशा वेळी हट्ट नको. पण जमेल तर सत्र संपेपर्यंत थांबा.

आता गाडीचं.

कॅलिफोर्नियात बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये सगळ्यांसाठी पिवळी बस नसतेच, तेव्हा 'बस येईल' या भरवशावर राहू नका. मुलाच्या आयईपीत वाहतूक लिहिलेली असेल तर विशेष शिक्षणाची व्हॅन पत्ता बदलल्यावरही मिळायला हवी. त्यासाठी डिस्ट्रिक्टच्या ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला नवा पत्ता त्याच दिवशी द्या. काही डिस्ट्रिक्ट आणि काउंट्या मुलांची ने-आण करणाऱ्या कंपन्यांशी करार करतात. हॉपस्किपड्राइव्ह ही त्यातली एक, लॉस एंजेलिसमध्ये २०१४ साली तीन आयांनी सुरू केलेली. अशी गाडी मिळाली तर दोन गोष्टी पहिल्या दिवशीच पक्क्या करा. ड्रायव्हर शक्यतो रोज तोच असावा, आणि मुलाला ओळखीचा परवलीचा शब्द पाठ असावा, तो ऐकल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. पहिल्या सकाळी तुम्ही स्वतः फुटपाथवर उभ्या राहा. ज्या मुलाला एकदा अनोळखी गाडीत बसवून घरातून नेलंय, त्याला दुसरी अनोळखी गाडी दारात आलेली बघून पोटात गोळा येतो. ड्रायव्हरला मूल फॉस्टर केअरमध्ये आहे हे सांगायची काहीच गरज नाही. नाव, पत्ता, शाळेचं कुठलं दार, सीट कुठली, बास.

मोठ्या मुलांना बार्ट ही लोकल रेल्वे चालते, फ्रीमॉन्टहून ऑकलंडच्या कोलिझियम किंवा फ्रूटवेल स्टेशनला गाडी न बदलता जाता येतं, आणि अठरा वर्षांपर्यंत युथ क्लिपर या प्रवासाच्या कार्डावर तिकीट अर्धं पडतं. पण एकटं पाठवायच्या आधी सोशल वर्करशी बोला आणि एक-दोनदा बरोबर जाऊन या. स्टेशनवरून शाळेपर्यंतचा रस्ता कसा आहे ते चालूनच कळतं.

उरतो तो सगळ्यात नेहमीचा पर्याय: तुम्ही स्वतः. त्याचे पैसे मिळतात, आणि हे अनेकांना ठाऊकच नसतं. २००८ च्या कायद्याने फॉस्टर केअरच्या खर्चाच्या व्याख्येत मूळ शाळेपर्यंतचा वाजवी प्रवास घातला आहे, आणि कॅलिफोर्नियात काउंटी तो अंतराच्या टप्प्यांनुसार देते. दर महिन्याला मुलासाठी जी रक्कम येते तिच्यात हे धरलेलं नसतं, वेगळं मागावं लागतं. अगदी जवळच्या शाळेसाठी मिळत नाही. सोशल वर्करला विचारताना 'पेट्रोलचं काही मिळेल का' असं संकोचून विचारू नका. 'मूळ शाळेच्या प्रवासाच्या भरपाईचा फॉर्म पाठवा' असं म्हणा. डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवा: तारीख, निघतानाचा आकडा, पोचल्यावरचा आकडा. मुलांनाच लिहायला दिलं तर ती आनंदाने लिहितात.

आता खरी ओढाताण. जादा खर्च कोणी द्यायचा याचे कायद्यात तीन मार्ग आहेत: बालकल्याण खातं डिस्ट्रिक्टला भरपाई देईल, डिस्ट्रिक्ट स्वतः देईल, किंवा दोघं वाटून घेतील. डिस्ट्रिक्टला त्यासाठी टायटल वनचा, म्हणजे गरीब मुलांच्या शिक्षणासाठी केंद्राकडून येणारा, निधीही वापरता येतो. तरी व्हायचं तेच होतं. हे ऑफिस म्हणतं तिकडे विचारा, ते म्हणतं इकडे विचारा, आणि मधल्या मध्ये तुम्ही गाडी हाकता. यावर माझा एकच इलाज आहे: दोघांना एकाच मेलमध्ये घाला. सोशल वर्कर, मूळ शाळेच्या डिस्ट्रिक्टचा फॉस्टर लायझन, शिक्षणाचा हक्कधारक आणि मुलाचा वकील. वकील प्रत्येक मुलाला कोर्टाकडून मिळतो, त्याचं नाव मागून घ्या. मेल इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा ठेवा:

"अमुक आद्याक्षरांचं मूल अमुक तारखेपासून आमच्या घरी आहे. ते सध्याच्या शाळेत, त्याच्या मूळ शाळेत, राहणार आहे. घरापासून शाळा इतके मैल आहे, शाळा इतक्या वाजता भरते. कृपया वाहतूक कोण देणार, कधीपासून, आणि तोवर मी नेत-आणत असले तर भरपाई कोण देणार, हे शुक्रवारपर्यंत लेखी कळवावं. तोपर्यंत सकाळी मी सोडू शकते, दुपारी आणू शकत नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. आपण सगळं निभावून नेतोय असं दिसलं की आपलं काम यादीत सगळ्यात खाली जातं. जे जमत नाही ते पहिल्या मेलमध्येच लिहा. मुलाचं पूर्ण नाव मात्र विषयाच्या ओळीत घालू नका.

वेळेचं गणित करताना एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. जुलै २०२२ पासून राज्यात, काही ग्रामीण डिस्ट्रिक्ट सोडली तर, हायस्कूल साडेआठच्या आधी आणि मिडल स्कूल आठच्या आधी भरत नाही. प्राथमिक शाळांना तो नियम नाही. शिवाय २०२२-२३ पासून सार्वजनिक शाळांत सगळ्याच मुलांना नाश्ता आणि दुपारचं जेवण फुकट मिळतं, तेव्हा पहाटे उठवून पोहे भरवायचा अट्टाहास सोडा. वीस मिनिटं लवकर पोचा, नाश्ता तिथे मित्रांबरोबर होऊ दे. ८८० च्या एक्सप्रेस लेनमध्ये तिघं असाल तर टोल नाही, दोघं असाल तर अर्धा, आणि मूल माणसात धरतात. फासट्रॅक फ्लेक्सवरचा, म्हणजे टोलच्या यंत्रावरचा, माणसांचा आकडा बदलायला विसरू नका, आणि परतताना गाडीत तुम्ही एकट्याच असता हेही. आठ वर्षांखालचं मूल चार फूट नऊ इंचांपेक्षा बुटकं असेल तर मागच्या सीटवर, बूस्टरवर. ते बूस्टर मुलाबरोबर येईल असं समजू नका, घरात एक तयार ठेवा.

आमच्या गाडीत मागे एक पिशवी कायम असते: एक जादा टीशर्ट आणि पँट, चार्जर, पाण्याची बाटली, ओला-कोरडा टॉवेल, पाकीटबंद खाऊ, आणि हेडफोन. हेडफोन सगळ्यात महत्त्वाचे. मुलाला बोलायचं नसतं आणि गप्प बसलेलं दिसायचंही नसतं, तेव्हा कानात काहीतरी असलं की दोघांची सुटका होते. पण बोलायचं असेल तर मुलं गाडीतच बोलतात, कारण तुमचे डोळे रस्त्यावर असतात. एका मुलाने आपल्या आईबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं ते हेवर्डच्या आसपास, गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या तेव्हा. मी आरशातसुद्धा बघितलं नाही. 'हं' म्हटलं आणि ट्रॅफिक सुटू नये अशी प्रार्थना केली.

शाळेच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी जाऊन इमर्जन्सी कार्ड बदलून घ्या. तुमचं नाव न्यायला येणाऱ्यांच्या यादीत नसेल तर दुपारी तीनला ओळखपत्र दाखवूनही मूल हातात देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोर्टाने कुणाला भेटायची बंदी केली असेल तर तो कागद सोशल वर्करने शाळेला दिलाय ना, तेही विचारा. गेटवर दुसऱ्या मुलांच्या आया विचारतात, हा तुमचा कोण? उत्तर काय द्यायचं हे आधी मुलाला विचारून ठरवा. आमच्याकडे कुणी 'आंटी' सांगितलंय, कुणी 'फॅमिली फ्रेंड'. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, शाळेचं नाव, 'बिचारं पोर' असले मेसेज अजिबात नकोत. गोपनीयता हा नियमही आहे आणि साधी सभ्यताही.

आई-वडिलांच्या भेटी बहुधा शाळा सुटल्यावर ठेवतात, आणि त्या दिवशीची गाडी चुकते. भेटीचं वेळापत्रक आलं की वाहतुकीच्या मेलवरच पुढे पाठवा. मूळ शाळा आणि आईचं घर एकाच बाजूला असेल तर भेट तिकडेच ठेवायला सांगा, मुलाचा एक फेरा वाचतो. कोर्टाच्या तारखेसाठी किंवा घर बदलल्यामुळे शाळा बुडाली तर त्यावरून मार्क कापता येत नाहीत. शिक्षकांना हे माहीत असेलच असं नाही, लायझनला कळवायला सांगा.

आणि शाळा बदलायचीच ठरली, तर? नवीन शाळेला मुलाला ताबडतोब घ्यावं लागतं. जुने दाखले नसोत, लसीकरणाचा कागद नसो, युनिफॉर्म नसो, जुन्या शाळेच्या वाचनालयाचा दंड बाकी असो. 'कागद आले की या' असं काउंटरवर म्हणाले तर भांडू नका, तिथेच उभं राहून डिस्ट्रिक्टच्या फॉस्टर लायझनला फोन लावा. नव्या शाळेने दोन कामकाजाच्या दिवसांत कागद मागवायचे आणि जुनीने दोन दिवसांत पाठवायचे असतात. हायस्कूलच्या मुलाचं नाव काढताना अर्धवट क्रेडिटची नोंद हातात घ्या, म्हणजे झालेल्या अभ्यासाचं पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. हायस्कूलची दोन वर्षं झाल्यावर शाळा बदलावी लागली, आणि डिस्ट्रिक्टच्या जादा अटी वेळेत पुऱ्या होण्यासारख्या नसल्या, तर त्या माफ होऊन राज्याच्या किमान १३० क्रेडिटवर हायस्कूलची पदवी घेता येते. शाळेने ३० दिवसांत ही सूचना द्यायची असते. नाही आली तर मागा. पण घाईने हो म्हणू नका, यूसी किंवा सीएसयू या राज्याच्या विद्यापीठांत जायचं असेल तर त्यांच्या विषयांची यादी वेगळी असते, हायस्कूलचं पाचवं वर्ष घेणं कधी कधी जास्त शहाणपणाचं ठरतं.

शाळेवरून वाद झाला तर निकाल लागेपर्यंत मूल मूळ शाळेतच राहतं. तक्रार डिस्ट्रिक्टकडे युनिफॉर्म कंप्लेंट प्रोसिजरखाली करता येते, ६० दिवसांत लेखी निर्णय द्यावा लागतो. राज्याच्या फॉस्टर केअर ओम्बुड्सपर्सनलाही, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाही, मूल स्वतः फोन करू शकतं, तो नंबर त्याच्याकडे असू द्या. माझा अनुभव असा, की मुलाच्या वकिलाला मेलमध्ये घातलं की तक्रारीपर्यंत फारसं जावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी आपणहून सांगत नाही. मूल परत आपल्या घरी गेलं किंवा केस बंद झाली तरी कॅलिफोर्नियात आठवीपर्यंतच्या मुलाला चालू वर्ष संपेपर्यंत आणि हायस्कूलच्या मुलाला पदवी मिळेपर्यंत मूळ शाळेत राहता येतं. शाळेचा हक्क राहतो. गाडीचं तसं नाही, कारण केंद्राच्या कायद्यातली वाहतूक फॉस्टर केअरच्या काळापुरतीच आहे. केस एप्रिलमध्ये बंद व्हायची असेल तर मे आणि जूनच्या सुरुवातीचे ते आठवडे कोण ने-आण करणार, हे तारखेच्या आधी वकिलाला विचारा. डिस्ट्रिक्ट बरेचदा वर्षअखेरपर्यंत गाडी चालू ठेवायला तयार होतं, पण मागितल्याशिवाय नाही, आणि सुनावणी होऊन गेल्यावर मागायला त्या मेलवरचं कुणी उरत नाही.